महाप्रसाद, वांगी आणि 'जी.एम.' अन्न



गणपतीच्या महाप्रसादाची यादी करायला आम्ही काही जण जमलो होतो. भरली वांगी, पुऱ्या, मसालेभात, शिरा असा बेत ठरत होता. एक ताई म्हणाल्या, "वांगी आणि टोमॅटो 'नॉन-जीएमओ'च आणा हं, महाग पडले तरी चालेल. मुलांना ते प्रयोगशाळेतले नको." त्याच यादीत खाली पुऱ्या तळायला सोयाबीन तेलाचे दोन डबे लिहिलेले होते. त्यावर मात्र कोणीच काही बोलले नाही! म्हणून आम्ही तिघांनी (तिघेही इंजिनिअर, शेतीतज्ज्ञ नव्हे) थोडे वाचन केले, ते इथे मांडत आहोत.

पहिली गंमत ही की आपल्या इथे अमेरिकेत दुकानात मिळणारे वांगे जी.एम. नसतेच. टोमॅटोही, अलीकडचा एक जांभळा वाण सोडला तर, साधाच असतो. १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने 'फ्लेव्हर सेव्हर' नावाचा जी.एम. टोमॅटो आणला होता, पण तो काही वर्षांतच गुंडाळला गेला. तूरडाळ, तांदूळ यांचीही काळजी नको. अमेरिकेत जी.एम. आहे ते मुख्यतः मका, सोयाबीन, कापूस, कॅनोला आणि साखरेच्या बीटमध्ये. मका, सोयाबीन आणि कापूस यांच्या पेऱ्यापैकी तर ९० टक्क्यांहून अधिक पेरा जी.एम. बियाण्याचा असतो. म्हणजे ते आपल्या घरात भाजीच्या पिशवीतून नव्हे, तर तेल, साखर आणि कॉर्नफ्लोअरमधून येते.

आता हे 'जी.एम.' म्हणजे काय? आमच्या भाषेत सांगायचे तर एका प्रोग्रॅममधले एखादे फंक्शन उचलून दुसऱ्यात टाकणे. मातीत 'बीटी' नावाचा जिवाणू असतो. तो बनवत असलेले एक प्रथिन काही अळ्यांच्या आतड्याला भोके पाडते. माणसाच्या आतड्यात त्या प्रथिनाला चिकटायला जागाच नसते, त्यामुळे आपण ते पचवून टाकतो. या प्रथिनाचे जनुक मक्यात किंवा कपाशीत घातले की अळीसाठी पीकच विषारी होते आणि फवारणी वाचते. दुसरा मोठा प्रकार तणनाशक सोसणाऱ्या पिकांचा: शेतावर सरसकट तणनाशक मारायचे, तण मरते, पीक उभे राहते.

मग ताटातला धोका? तो अगदीच काल्पनिक नाही. सोयाबीनचे पोषणमूल्य वाढवण्यासाठी त्यात ब्राझील नटचे एक जनुक घातले होते. नटची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते सोयाबीनही बाधेल, असे चाचणीत दिसले. १९९६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ते बियाणे बाजारात आलेच नाही. २००० साली मात्र फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी असलेला 'स्टारलिंक' मका थेट टाको शेल्समध्ये सापडला आणि माल परत बोलवावा लागला. त्यामुळे कोणाला अ‍ॅलर्जी झाल्याचा पुरावा मिळाला नाही, पण 'हा मका वेगळा ठेवू' हे आश्वासन किती कच्चे होते ते दिसले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने आधीच्या सर्व संशोधनाचा आढावा घेतला. साध्या अन्नापेक्षा जी.एम. अन्न आरोग्याला अधिक घातक असल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. आम्हाला हे पटते.

खरी ठेच लागली आहे ती शेतात, आणि त्याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ते बियाणे आणण्यात जालन्याची महिको कंपनी पुढे होती. सुरुवातीला बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या. पण बियाण्याच्या पिशवीसोबत साध्या कपाशीचे एक छोटे पाकीट येत असे. ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे काही अळ्या तिथे बीटी न खाता जगतील आणि बीटी पचवायला शिकलेल्या अळ्यांची वेगळी जात तयार होणार नाही. दोन-तीन एकरवाला शेतकरी अळ्यांसाठी कापूस कशाला पेरेल? पाकिटे पडून राहिली. त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेवटच्या वेचणीसाठी पऱ्हाटी उभी ठेवणे, यामुळे गुलाबी बोंडअळीला महिनोन्‌महिने खायला मिळाले. २०१७ मध्ये याच अळीने विदर्भात हाहाकार केला. अमेरिकेतही वेगळे घडले नाही. तिथे तणनाशकाला न जुमानणारे तण माजले. त्यातले सर्वांत चिवट तण आपल्या राजगिऱ्याचे, माठाचे भाऊबंद निघाले!

आणि वांगे? महिकोनेच बीटी वांगे तयार केले होते. २०१० मध्ये भारत सरकारने त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून ते पिकते आहे आणि तिथे फवारण्या कमी झाल्या आहेत. गमतीचा भाग असा की वांगे अडवणाऱ्या भारतात बीटी कपाशीच्या सरकीचे तेल लोक खातात, आणि सरकीची पेंड खाणाऱ्या म्हशीचे दूधही पितात.

ज्यांना तरीही टाळायचे आहे त्यांच्यासाठी: २०२२ पासून अमेरिकेत पाकिटावर 'बायोइंजिनिअर्ड' असे छापणे सक्तीचे झाले, पण ज्यात जनुक सापडतच नाही असे शुद्ध केलेले तेल आणि साखर त्या नियमातून वगळली होती. त्यामुळे पाकिटावर शब्द नाही म्हणजे जी.एम. नाही, असे धरू नका. 'ऑरगॅनिक' शिक्का असेल तर जी.एम. बियाणे वापरायला मनाई असते.

महाप्रसादाचे म्हणाल तर वांगी नेहमीच्या दुकानातून येतील. तेलासाठी कोणीतरी शेंगदाण्याचे सुचवले, कारण शेंगदाणा जी.एम. नसतो. पण मंडळातल्या दोन मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. म्हणून पुऱ्या सूर्यफुलाच्या तेलात तळायच्या आणि भरल्या वांग्यात कूट न घालता तीळ-खोबरे घालायचे ठरले आहे. ताईंनाही ते पटले.