विश्लेषण : हँडहेल्ड गेमिंग पीसीला वायरलेस कंट्रोलर जोडताना घोळ नेमका कुठे होतो?

‘कनेक्टेड’ दिसते, पण गेम हलत नाही. कंट्रोलर बिघडला असे समजून नवा मागवण्याआधी या गोष्टी तपासा.

गेल्या दिवाळीत मामाकडे सगळी भावंडे जमली होती. हँडहेल्ड गेमिंग पीसी टीव्हीला जोडला आणि मामेभावाचा आठ वर्षांचा मुलगा वायरलेस कंट्रोलर घेऊन सज्ज झाला. कंट्रोलरचा दिवा लागला होता, पडद्यावर ‘कनेक्टेड’ही दिसत होते, पण गेममधली गाडी काही जागची हलेना. पोरगा रडवेला झाला. ‘हा बिघडलेला दिसतोय,’ म्हणत दादाने फोनवर नवा कंट्रोलर शोधायला सुरुवात केली. प्रत्यक्षात कंट्रोलर ठणठणीत होता. गेम पहिल्या खेळाडूची वाट पाहत होता आणि मुलाच्या हातात दुसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर होता! पाच हजारांच्या आसपासचा खर्च थोडक्यात वाचला. असा घोळ का होतो आणि तो कसा सोडवायचा, ते पाहू.

हँडहेल्ड गेमिंग पीसी म्हणजे काय?

हा हातात मावणारा पूर्ण संगणक आहे. मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणे, अशी त्याची रचना असते. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. त्यापाठोपाठ असूसचा आरओजी अ‍ॅलाय, लेनोव्होचा लीजन गो, एमएसआयचा क्लॉ अशी यंत्रे आली. स्टीम डेकवर लिनक्सवर आधारित स्टीमओएस चालते, तर बाकीच्यांपैकी बहुतेकांवर विंडोज ११. प्रवासात त्याचीच बटणे पुरतात. पण डॉकमधून टीव्हीला जोडले, की सोफ्यावर बसून खेळायला वेगळा कंट्रोलर लागतो.

जोडण्याचे मार्ग किती?

तीन. पहिला ब्लूटूथ, दुसरा कंट्रोलरसोबत येणारा २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल आणि तिसरा साधी वायर. अनेक हँडहेल्डना फक्त यूएसबी-सी पोर्ट असते. त्यामुळे मोठ्या तोंडाचा डोंगल लावायला डॉक, हब किंवा ओटीजी अ‍ॅडॉप्टर लागतो.

जुना कंट्रोलर घेत असाल, तर त्यात ब्लूटूथ आहे का हे आधी पाहा. एक्सबॉक्स वनचा २०१३ मधला मूळ कंट्रोलर वायरलेस आहे, पण त्यात ब्लूटूथ नाही. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वायरलेस पद्धतीवर चालतो आणि पीसीसाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर मागतो. ब्लूटूथ आले ते २०१६ च्या एक्सबॉक्स वन एससोबतच्या कंट्रोलरपासून. ओळखायची खूण सोपी आहे : एक्सबॉक्सच्या बटणाभोवतीचे प्लास्टिक कंट्रोलरच्या दर्शनी भागाशी सलग असेल, तर ब्लूटूथ आहे, ते वरच्या बंपर बटणांच्या चकचकीत पट्टीला जोडलेले असेल, तर नाही.

पेअरिंग कसे करायचे?

हँडहेल्डवर ब्लूटूथचे सेटिंग उघडा. स्टीम डेकवर स्टीम बटण दाबून ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ब्लूटूथ’वर जा, विंडोजवर ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये ‘अ‍ॅड डिव्हाइस’ निवडा. मग कंट्रोलरला पेअरिंगसाठी तयार करा :

- एक्सबॉक्स : सुरू करून वरच्या कडेचे छोटे पेअर बटण तीन सेकंद दाबून ठेवा.
- प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स : ‘क्रिएट’ आणि ‘पीएस’ ही बटणे एकत्र दाबून ठेवा.
- प्लेस्टेशन ४ चा ड्युअलशॉक : ‘शेअर’ आणि ‘पीएस’ एकत्र.
- निन्टेन्डो स्विच प्रो : चार्जिंग पोर्टशेजारचे छोटे सिंक बटण.

दिवा भराभर लुकलुकू लागला, की यादीत नाव दिसते. कंट्रोलर आधी कन्सोलला जोडलेला असेल, तर नुसता सुरू केल्यावर तो जुन्याच घरी परततो. अशा वेळी पेअरिंग नव्याने करावे लागते. सारखा जोडला-तुटला होत असेल, तर यादीतून नाव काढून टाका आणि पुन्हा जोडा. एक्सबॉक्सच्या नव्या कंट्रोलरने तरीही त्रास दिला, तर विंडोजवरच्या ‘एक्सबॉक्स अ‍ॅक्सेसरीज’ अ‍ॅपमधून त्याचे फर्मवेअर अपडेट करा. स्टीम डेकवाल्यांना एवढ्यापुरता कुणाचा तरी विंडोज पीसी मागावा लागेल.

जोडला, तरी गेम का ऐकत नाही?

याची मुख्य कारणे दोन. पहिले म्हणजे क्रम. हँडहेल्डची अंगचीच बटणे हाही यंत्राच्या लेखी एक कंट्रोलर असतो आणि साहजिकच त्याचा नंबर पहिला लागतो. बाहेरून जोडलेला दुसरा ठरतो. एकट्याने खेळायचे बरेच गेम फक्त पहिल्याचेच ऐकतात. स्टीम डेकवर तीन टिंबांच्या बटणाने उघडणाऱ्या मेन्यूतून कंट्रोलरचा क्रम बदलता येतो. विंडोजच्या यंत्रांवर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये अंगची बटणे बंद करण्याची सोय आहे का, ते पाहा. बदल केल्यावर गेम बंद करून पुन्हा सुरू करा. काही गेम कंट्रोलर फक्त सुरुवातीलाच मोजतात.

दुसरे कारण भाषेचे. विंडोजवरचे बहुतेक गेम ‘एक्सइनपुट’ ही एक्सबॉक्सची भाषा समजतात आणि तिच्यात जास्तीत जास्त चार कंट्रोलर मावतात. प्लेस्टेशनचा कंट्रोलर ती भाषा बोलत नाही. मधे दुभाषा लागतो. ते काम स्टीममधील ‘स्टीम इनपुट’ करते. मात्र स्टीम इनपुट आणि दुसरे एखादे तसेच अ‍ॅप एकाच वेळी सुरू ठेवू नका. तसे केल्यास एकदा दाबलेले बटण दोनदा लागते.

खेळताना मधेच अडखळण्याचे कारण काय?

गर्दी. ब्लूटूथ, डोंगल आणि वाय-फायचा एक पट्टा, सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच वावरतात. पारंपरिक ब्लूटूथ ही गर्दी चुकवण्यासाठी ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारते. तरीही शेजारी वाय-फायवर मोठे डाउनलोड सुरू असेल, तर अडथळा येतो. हँडहेल्ड ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर टाकला, की बराच फरक पडतो.

आणखी एक छुपा गुन्हेगार म्हणजे यूएसबी ३.०. या पोर्टमधून आणि त्याला लावलेल्या डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून डोंगल डिस्कला खेटून लावू नका. छोट्या एक्स्टेन्शन वायरने तो डॉकपासून दूर आणि समोर आणा. हँडहेल्ड टीव्हीच्या मागे लपवणेही टाळा. २०२३ च्या स्टीम डेक ओलेडमध्ये ब्लूटूथसाठी वेगळा अँटेना दिला आहे, तो याच त्रासावर उपाय म्हणून.

मग वायर कधी बरी?

ड्युअलसेन्सची खास कंपने अनुभवायची असतील, तर पीसीवर बहुतेक गेममध्ये वायरच लागते. कंट्रोलरच्या हेडफोन जॅकमधला आवाजही पीसीवर ब्लूटूथवरून येत नाही. वायर लावून बघणे ही सगळ्यात स्वस्त तपासणीही आहे. वायरने चालतो आणि वायरलेसवर अडतो, म्हणजे बटणे शाबूत आहेत. दोष जोडणीत आहे. वायरनेही गाडी हलली नाही, तर आधी क्रम तपासा. खरेदीचा विचार त्यानंतर.

मामाकडे क्रम बदलायला दोन मिनिटे लागली. त्यानंतर रात्री अकरापर्यंत कंट्रोलर पोराच्या हातून सुटला नाही. दादाचा नंबर दुसऱ्या दिवशी लागला.