घरगुती ताजा रस : पोषण, प्रक्रिया आणि सुरक्षितता

प्रस्तावना

गेल्या दोन-अडीच दशकांत दूरचित्रवाणीवरील योग व आरोग्यविषयक कार्यक्रमांमुळे सकाळी रिकाम्या पोटी भाज्यांचा वा फळांचा ताजा रस घेण्याची प्रथा शहरी मध्यमवर्गात रूढ झाली. जे नैसर्गिक ते निरुपद्रवी, ही समजूत या प्रथेच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात रस काढण्याच्या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करून या समजुतीच्या मर्यादा दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

रस काढताना काय घडते?

मिक्सरच्या पात्यांनी वनस्पतिपेशींच्या भित्तिका फुटतात. रिक्तिकांमधील शर्करा, आम्ले, क्षार व जीवनसत्त्वे बाहेर येतात. त्याचबरोबर एरवी परस्परांपासून अलग असणारी विकरे व त्यांची द्रव्ये हवेच्या सान्निध्यात एकत्र येतात. सफरचंदाचा रस काही मिनिटांतच तपकिरी होतो, तो पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे. क जीवनसत्त्वाचाही याच काळात ऱ्हास सुरू होतो. लिंबू पिळल्यास आम्लता वाढून विकराची क्रिया मंदावते, परंतु थांबत नाही. म्हणून रस काढताच पिणे इष्ट.

रस गाळल्यावर चोथ्याबरोबर तंतुमय पदार्थांचा मोठा भाग टाकून दिला जातो. पेलाभर रसासाठी तीन-चार संत्री लागतात. तेवढी संत्री एका बैठकीत सहसा कोणी खात नाही. संत्र्याच्या २०० मिलिलिटर रसात साधारण १५ ते २० ग्रॅम शर्करा असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फळांच्या रसातील शर्करा ‘मुक्त शर्करे’त मोडते आणि अशा शर्करेचा वाटा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावा. मधुमेही व्यक्तींनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा.

दुधीच्या रसाचे उदाहरण

दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गीय भाज्यांत कुकर्बिटॅसिन नावाची कडू संयुगे निर्माण होऊ शकतात. लागवडीच्या वाणांत त्यांचे प्रमाण सामान्यतः नगण्य असते; परंतु एखादे फळ कडू निपजते आणि बाहेरून ते ओळखता येत नाही. भाजीच्या पहिल्या घासालाच कडूपणा जाणवून ताट बाजूला सारले जाते. रस मात्र ‘औषध’ म्हणून एका दमात प्यायला जातो. दिल्लीत २०१० मध्ये दुधी व कारल्याचा मिश्र रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने अशा प्रकरणांचा अभ्यास केला. तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कडू रसानंतर उलट्या, जुलाब, पोटदुखी, रक्ताची उलटी व रक्तदाब घसरणे ही लक्षणे आढळतात. यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. समितीने कडू रस न पिण्याचा, तसेच दुधीचा रस अन्य रसांत न मिसळण्याचा सल्ला दिला. कारल्याचा स्वाभाविक कडूपणा दुधीचा कडूपणा झाकून टाकतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

घरगुती कृती

१. फळे व भाज्या वाहत्या पाण्याखाली धुवाव्यात; नासका भाग असलेले फळ वापरू नये.
२. दुधी वा काकडीची लहान चकती प्रथम चाखावी. ती कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकून द्यावे. साखर, मीठ वा लिंबू घालून चव झाकू नये.
३. मिक्सरचे भांडे व गाळणी वापरानंतर लगेच धुवावी.
४. शक्यतो रस न गाळता, लहान पेलाभरच घ्यावा.
५. मूत्रखडे झालेल्यांनी पालक व बीट यांचा रस, त्यांतील ऑक्झॅलेटमुळे, वैद्यकीय सल्ल्याविना नियमित घेऊ नये.
६. रस प्यायल्यानंतर मळमळ, उलटी वा अस्वस्थता जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

निष्कर्ष

ताजा रस हा आहाराला पूरक आहे. तो सबंध फळाचा पर्याय नाही आणि औषधही नाही. काकडी चिरताना प्रथम चकती चाखून पाहण्याची आपल्या स्वयंपाकघरातील जुनी रीत शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय ठरते. रसाच्या नव्या प्रथेत तीच रीत सुटली आहे. ती पुन्हा अंगवळणी पाडणे, हा या विषयातील सर्वांत स्वल्पखर्चिक प्रतिबंधक उपाय होय.