गंगाकांठच्या नांवांच्या वह्या

विलायतेंतील एखाद्या लहान शहरांत हिंडतांना मधूनच एक शांत, गंभीर दिसणारें दुकान लागतें. पाटीवर मूळ मालकाचें नांव असून त्यापुढें 'आणि पुत्र' असे शब्द असतात. मृतासाठीं पेटी तयार करणें, गाडी आणणें, दफनाची वेळ ठरविणें, हीं सारीं कामें तें एकच घराणें पिढ्यान् पिढ्या करीत आलेलें असतें. आपल्या नाशकांत अशीं दुकानें पूर्वीं कां नव्हतीं, असा प्रश्न एखाद्या जिज्ञासु विद्यार्थ्याच्या मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, दुकानें नव्हतीं, तरी घराणीं होतीं, आणि आजहि आहेत. त्यांच्या कामाचा थोडा परिचय येथें करून द्यावयाचा आहे.

हिंदु घरांत मृत्यु झाला असतां प्रेत नेण्याचें काम शेजारीपाजारी व आप्तेष्ट यांचें. तिरडी बांधणें, खांदा देणें, याचा मोबदला कोणी मागावयाचा नाहीं. तो शेजारधर्म होय. परंतु दहन झालें म्हणजे सर्व संपलें असें नाहीं. अस्थि तीर्थांत सोडावयाच्या, पिंडदान करावयाचें, वाडवडिलांचीं नांवें उच्चारावयाचीं. आणि येथें शेजाऱ्याचें ज्ञान पुरत नाहीं. हें काम तीर्थोपाध्यायांच्या घराण्यांकडे वंशपरंपरेनें चालत आलें आहे.

गोदावरीस नाशिककर 'गंगा'च म्हणतात. तिच्या पात्रांतील रामकुंड १६९६ सालीं बांधलें गेलें व पुढें पेशव्यांच्या घरांतील गोपिकाबाईंनीं त्याची दुरुस्ती केली. श्रीरामानें दशरथाचें श्राद्ध येथें केलें, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तेथेंच अस्थिविलय तीर्थ असून त्यांत सोडलेल्या अस्थि थोड्याच वेळांत विरघळतात, असें मानतात. यामुळें दूरदूरचे लोक अस्थींचा कलश घेऊन येथें येतात. १९४८ सालीं महात्मा गांधींच्या अस्थींचा कांहीं भागहि येथेंच विसर्जित झाला.

यात्रेकरू घाटावर उतरला कीं त्याला पहिला प्रश्न विचारतात तो असा: "आडनांव काय? मूळ गांव कोणतें? जात कोणती?" एवढ्या तीन गोष्टींवरून त्याच्या घराण्याचे उपाध्याय कोण, हें ठरतें. मग उपाध्यायांच्या घरून जुनी वही निघते. तींत त्या गांवचें तें आडनांव शोधून काढतात आणि पाहुण्यासमोर पान उघडतात. त्याचे आजोबा कधीं आले होते, बरोबर कोण होतें, त्यांच्या बापाचें, भावांचें व मुलांचें नांव काय, हें त्या पानावर लिहिलेलें असतें. पुष्कळदां तो मजकूर आजोबांनीं स्वहस्तें लिहिलेला असतो. ज्यानें आजोबांना डोळ्यांनीं पाहिलेंहि नाहीं, त्याला त्यांचें अक्षर प्रथम दिसतें तें अशा वेळीं! नंतर तो त्याखालीं आपलें व आपल्या मुलांचें नांव लिहितो, आणि वही पुन्हा बांधून ठेवली जाते.

या वह्यांची गरज विधींतूनच उत्पन्न झाली. तीर्थश्राद्धांत बाप, आजा, पणजा, तसेंच आई, आजी, पणजी, आणि शिवाय आईच्या माहेरचे तीन पुरुष यांचीं नांवें घ्यावीं लागतात. स्वतःच्या पणजीचें नांव आपणांपैकीं किती जणांस ठाऊक आहे? शोकानें व्याकुळ झालेल्या माणसास तें ऐन वेळीं कसें आठवावें? जें कुटुंब विसरतें तें उपाध्यायाची वही लक्षांत ठेवते.

अशी वही म्हणजे त्या घराण्याची मिळकतच. उपाध्यायाच्या या हक्कास 'वृत्ति' म्हणत. भाऊ विभक्त झाले म्हणजे घर व शेत यांबरोबर यजमानांचीहि वांटणी होई. वृत्ति गहाण टाकतां येई व विकतांहि येई. हा व्यवहार कोणास रुक्ष वाटेल. पण वहीवर पोट अवलंबून होतें म्हणूनच ती उन्हापावसापासून व वाळवीपासून जपली गेली, हेंहि खरें. वारसाहक्काच्या तंट्यांत अशा तीर्थक्षेत्रींच्या वह्या न्यायालयापुढें पुरावा म्हणून आलेल्या आहेत.

इंग्लंडांत १५३८ सालीं टॉमस क्रॉमवेल याच्या आज्ञेवरून प्रत्येक चर्चमध्यें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्यास आरंभ झाला. तेथें जें काम राजाज्ञेनें चर्चनें केलें, तेंच येथें कोणाच्या आज्ञेवांचून खासगी घराण्यांनीं केलें. आपल्या देशांत जन्ममृत्यूंच्या ऐच्छिक नोंदणीचा कायदा १८८६ सालीं झाला आणि नोंदणी सक्तीची करणारा सर्व देशाचा कायदा १९६९ सालीं आला. आतां मृत्यूची खबर एकवीस दिवसांचे आंत द्यावी लागते. पण सरकारी दाखल्यांत एका माणसाचा मृत्यु असतो. वहींत त्याची पिढ्यान् पिढ्यांची संगत असते.

तथापि या वह्यांची उणीवहि सांगितली पाहिजे. त्यांची मांडणी जातवार आहे. रामकुंडापासून जवळच असलेल्या काळाराम मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं २ मार्च १९३० रोजीं सत्याग्रह सुरू झाला. ज्यांना देवाच्या दारांतच अडविलें, त्यांच्या वाडवडिलांचीं नांवें इतरांइतक्या काळजीनें कोणी जपलीं असतील, असें समजणें भाबडेपणाचें होईल. स्मरणाचा मान सर्वांना सारखा मिळाला नाहीं.

दुसरी चिंता पुढच्या काळाची. जुनीं पानें मोडी लिपींत आहेत. हात न उचलतां भरभर लिहावयाची ही लिपि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारांत होती. आज ती वाचणारे थोडे. उपाध्यायांचीं मुलें शिकून निरनिराळ्या उद्योगांत जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु वाचणारा गेला म्हणजे वही असून नसल्यासारखी होते. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीं सूक्ष्म छायाचित्रें अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळि-संस्थेनें घेतलीं आहेत. आपल्या गंगाकांठच्या वह्यांसाठींहि मालकांचा मान व हक्क राखून असें काम करतां येईल. आणि त्यासाठीं मोडी शिकलेले तरुण हवेत.

विद्यार्थिमित्रांनो, तुमचा धर्म कोणताहि असो, एक काम तुम्हांस आजच करतां येईल. रात्रीं जेवणें झाल्यावर आजीपाशीं बसा आणि तिला तिच्या सासूचें व आईचें नांव विचारा. तीं नांवें तारखेसह एका वहींत लिहून ठेवा. पालकांसहि विनंति आहे कीं, त्यांनीं त्या पानावर आपल्या हातानें एखादी ओळ लिहावी. पुढें तें पान कोण उघडील, हें आज कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. पण जो उघडील, त्याला तुमचें अक्षर दिसेल.