लिहिलं आपण, दिसलं भलतंच!

आमच्या थोरल्या जाऊबाई जालन्यात घरीच वाळवणाच्या ऑर्डरी घेतात. पापड, कुरडया, शेवया... हाताला चव अशी की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. गेल्या वर्षी भाच्याने हौसेने त्यांची वेबसाइट करून दिली. शोधणाऱ्याला नावाखाली दिसावी म्हणून दोन ओळींची ओळखही लिहिली : 'घरच्या चवीचे पापड, कुरडया, शेवया. जालन्यात घरपोच.'

यंदा मार्च उजाडला, वाळवणाचे दिवस आले, पण फोन वाजेना. शेवटी एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनीच विचारलं, "काय हो, बंद केलंत म्हणे?" मोबाईलवर 'जालना कुरडया ऑर्डर' असं शोधून पाहिलं, तर नावाखाली भाच्याची ओळख नव्हतीच! तिथे होतं, 'जालन्यात कुरडयांची ऑर्डर घेणे सध्या बंद आहे.' दिवाळीत जाऊबाई आजारी होत्या, तेव्हा पानाच्या तळाशी टाकलेलं हे वाक्य काढायचं राहून गेलं होतं. ऐन हंगामाचे पंधरा दिवस हातचे गेले.

"अगं, आपण लिहिलेलं सोडून हे कुठून काढलं?" जाऊबाईंचा प्रश्न रास्तच होता.

मी शाळेत शिकवते, म्हणून मला हे असं उमगलं. धड्याच्या सुरुवातीला सारांश असतो. पण परीक्षेत नेमका प्रश्न आला की मुलं सारांश लिहीत नाहीत, धड्यातलं उत्तराचं वाक्य शोधतात. गुगलही तेच करतं. आपण लिहिलेल्या ओळखीला 'मेटा डिस्क्रिप्शन' म्हणतात. ती गुगलच्या लेखी सूचना असते, हुकूम नव्हे. शोधणारीने जे विचारलं त्याच्याशी जुळणारं वाक्य पानात सापडलं तर तेच पुढे येतं. म्हणून एकाच पानाखाली दोघींना दोन वेगळ्या ओळी दिसू शकतात.

तुमच्या घरी कुणाची वेबसाइट असेल तर एवढं पाहा :

१. पानावरचा जुना मजकूर वेळच्या वेळी काढा. फडताळ आवरतो तसं पानही आवरावं.

२. प्रत्येक पानाची ओळख वेगळी आणि खरी लिहा. 'पापड, पापड जालना, स्वस्त पापड' अशी नुसती शब्दांची माळ नको.

३. भाव, पत्ता, वेळ पानावरच सरळ वाक्यात लिहा.

४. एखादा भाग तिथे दिसूच नये असं वाटत असेल, तर तशी खूण पानात घालता येते. गुगलने 2019 पासून ही सोय दिली आहे. वेबसाइट करणाऱ्याला 'डेटा-नोस्निपेट' एवढं सांगा, त्याला कळेल.

जाऊबाईंनी ते वाक्य काढलं. बदल लगेच दिसत नाही, गुगलने पान पुन्हा वाचावं लागतं. काही दिवसांनी ओळ बदलली आणि फोन वाजू लागला.

आणि मैत्रिणींनो, आपणही दवाखान्याची वेळ किंवा शाळेचा प्रवेश शोधताना त्या दोन ओळींवर विसंबू नये. पान उघडून वाचावं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत कालच्या भाताचं नाही ना, हे आधी पाहावं!