बाहेर पाणी, आत हवा

दिल्लीपासून समुद्र फार लांब. तरी थंडी सरली की गुरुग्राम-नोएडातल्या पोहण्याच्या तलावांत स्कूबा शिकणाऱ्यांचे वर्ग भरतात. धडे इथे गिरवायचे आणि खऱ्या पाण्यासाठी अंदमान, गोवा किंवा आपलं तारकर्ली गाठायचं. ही सगळी ठिकाणं उबदार, तिथे वेटसूट पुरतो. ड्रायसूटचा, म्हणजे आत पाणीच शिरू न देणाऱ्या पोशाखाचा, विषय निघतो तो कुणी आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेत उतरायचं ठरवलं की. तिथलं पाणी वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस. जाणारा पहिला प्रश्न विचारतो तो थंडीचा. पण या पोशाखाची जवळजवळ दोनशे वर्षांची वाटचाल पाहिली, तर थंडीने छळलं त्याहून जास्त छळलं ते आत कोंडलेल्या हवेने.

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. चार्ल्स डीन याने १८२३ मध्ये आगीच्या धुरात शिरण्यासाठी तांब्याच्या टोपाचं पेटंट घेतलं. तोच टोप पुढे पाण्याखाली गेला. ऑगस्टस सीबे याने १८३०च्या दशकात त्याला रबर लावलेल्या कॅनव्हासचा बंद अंगरखा जोडला. पोर्ट्समथजवळ १७८२ साली बुडालेल्या रॉयल जॉर्ज या युद्धनौकेवर १८३९ पासून कर्नल पेस्ली यांच्या लष्करी पाणबुड्यांनी हा पोशाख वापरला. वरून पंपाने हवा यायची, पाणबुड्या कोरडा राहायचा.

हवेची नळी वर कुठे फुटली, तर मात्र आतली हवा त्याच वाटेने निसटे. मग पाण्याचा सगळा दाब अंगरख्यावर येई आणि आत न दबणारी जागा एकच उरे, तांब्याचा टोप. माणसाचं शरीर त्या टोपाकडे रेटलं जाई. पंपाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने खोल घसरलेल्याचीही हीच गत. पुढे टोपाच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप आली आणि नळी फुटण्याचं भय पुष्कळ कमी झालं. उलट प्रकारही होताच. हवा बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर पाणबुड्या कढईतल्या पुरीसारखा टम्म फुगून वर यायचा. हात ताठ झालेले, झडपेपर्यंत बोट पोचेना. चिरडणं आणि फुगणं हे अपघात दिसायला उलटे, पण दोन्हींत आतल्या हवेचा हिशेब चुकलेला असे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या ‘चॅरिअट’ या स्वार होऊन चालवायच्या टॉर्पिडोवरच्या सैनिकांना स्लेडन सूट मिळाला. त्यांनी त्याला नाव ठेवलं ‘क्लॅमी डेथ’, म्हणजे चिकट मरण. यावरून तो किती सुखाचा असेल ते समजावं. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांचं ॲक्वालंग आलं, १९५०च्या दशकात ह्यू ब्रॅडनर यांचा निओप्रीनचा वेटसूट आला आणि हौशी माणसाने कोरडं राहण्याचा नाद बराचसा सोडला. हा नाद टिकला उत्तरेकडच्या देशांत. स्वीडनच्या पोसायडन कंपनीच्या युनिसूटने १९६०च्या दशकात तो पुन्हा रुळावर आणला. पाणी न शिरणारी चेन, छातीवर हवा घ्यायची कळ, हवा सोडायची झडप आणि पाठीवरच्या टाकीतून आलेली छोटी नळी. वर पंप चालवणारा मदतनीस आता नाही, हवा पाणबुड्याने स्वतःच सांभाळायची. आजच्या तीन थरांच्या ट्रायलॅमिनेट किंवा दाबून घट्ट केलेल्या निओप्रीनच्या सूटची मांडणी मुळात तीच आहे.

दाबाचं गणित बॉइलने १६६२ मध्येच सांगून ठेवलंय. सूटमधली हवा दहा मीटरवर निम्मी होते, वीसवर तिसरा हिस्सा, तीसवर चौथा. म्हणजे सर्वांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरांतच होतो. नवशिका तिथेच गोंधळतो, कारण त्याला वाटतं की दाब खोलवर जाणवेल. उतरताना कापडाच्या घड्या कातडीला चिमटे काढू लागल्या की कळ थोडी दाबून सोडायची, पुन्हा थोडी. धरून ठेवायची नाही. गार पाण्यात ती कळ गोठून उघडीच राहू शकते. आळस केला, तर वर आल्यावर अंगावर लालजांभळे वळ दिसतात. ते दिसायला वाईट. त्याहून वाईट म्हणजे आतल्या लोकरी थरातली हवा दबते, ऊब जाते आणि हात वळेनासे होतात. वर येताना उलट करायचं. डाव्या दंडावरची झडप पूर्ण उघडी ठेवून कोपर वर, म्हणजे झडप सर्वांत उंच. हवा पायांकडे गेली, तर माणूस उलटा होऊन वर ओढला जातो, फिन निसटतात. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ व्हायची ही सवय तलावातच लागली पाहिजे.

मापाबाबत एवढंच: सूट आतल्या कपड्यांसकट घालून पाहावा. उकिडवं बसता आलं पाहिजे, दोन्ही हात समोर आणि वर नेता आले पाहिजेत, टाकीच्या झडपेला बोट लागलं पाहिजे. सैल सूटमध्ये हवा इकडून तिकडे धावते, घट्टमध्ये माणूस लाकूड होतो. मानेचं सील फार आवळलं, तर मानेतल्या धमन्यांवर दाब येऊन भोवळ येते.

पाण्यातलं तरंगणं सूटच्या हवेने सांभाळायचं की वर घालायच्या, हवा भरता येणाऱ्या जॅकेटच्या, हा वाद जुना आहे. पूर्वी बहुतेक वर्गांत सूट सांगत. खोल जाणारे तांत्रिक पाणबुडे म्हणतात, सूटमध्ये फक्त चिमटा घालवण्यापुरती हवा, बाकी जॅकेट. मला दुसरं पटतं, पण वजनासाठी कमी शिसं बांधलेल्यालाच ते साधतं. हे तांत्रिक पाणबुडे श्वासाच्या मिश्रणातला हेलियम सूटमध्ये घेत नाहीत, कारण तो हवेपेक्षा सहापटीने उष्णता वाहून नेतो. काहीजण त्याऐवजी आर्गनची छोटी बाटली लावतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत माँटानातल्या मॅकडॉनल्ड सरोवरात अठरा वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्या जुन्या, विकत घेतलेल्या ड्रायसूटला हवा देणारी नळी जोडलेलीच नव्हती, आणि अंगावर सुमारे २० किलो शिसं खिशांत भरलेलं, चटकन टाकता न येणारं. ती जशी खाली गेली तसा सूट आवळत गेला. सीबेच्या काळातलाच अपघात, फक्त तांब्याचा टोप नव्हता.

दिल्लीला या पोशाखाची खरी गरज आहे ती वेगळ्याच पाण्यासाठी. वजिराबाद ते ओखला या २२ किलोमीटरांत, नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहून कमी पट्ट्यात, यमुनेच्या प्रदूषणाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भार येतो. बुडालेल्यांसाठी त्या पाण्यात उतरतात ते बोट क्लबचे आणि घाटांवरचे गोताखोर. नोव्हेंबर १९९७ मध्ये वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस कोसळून २८ मुलं दगावली, तेव्हाही घाटावरचे गोताखोर पाण्यात होते. जगात अशा घाण पाण्यासाठी गुळगुळीत व्हल्कनाइज्ड रबराचे, टोपीसह सील होणारे ड्रायसूट आणि पूर्ण चेहऱ्याचे मास्क आहेत. सूटची किंमत लाखापासून पुढे.

पण सूट वाटून टाका, असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर नुसत्या श्वासावर बुडी मारणाऱ्याला टाकी, झडप आणि शिसं यांचा सराव न देता असा पोशाख दिला, तर गाळातल्या धोक्यांत एकाची भर पडेल. मे महिन्यात काठावर बंद रबरात उभं राहणं हाही उष्माघाताला निमंत्रण देण्याचाच प्रकार. शिवाय लॅटेक्सची सील ऊन, उष्णता आणि ओझोनने चिकट होऊन तडकतात, आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात तिन्ही भरपूर. घ्यायचेच तर हाताने बदलता येणारी सिलिकॉनची सील असलेले घ्यावेत, आणि प्रत्येक बुडीनंतर सूट निर्जंतुक करून सावलीत वाळवणारा, दर हंगामात झडपा तपासणारा पगारी माणूस त्याच खरेदीत धरावा.