हूला नृत्य आणि हीलोचा महोत्सव : परंपरेच्या जतनाविषयी एक विचार

मौखिक परंपरेने चालत आलेली एखादी प्रयोगकला लोप पावू लागली म्हणजे तिचे जतन व्हावयास हवे, असे सर्वच म्हणतात. परंतु जतन नेमके कशाचे करावयाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हालचालींचे, वेषभूषेचे, वाद्यांचे, की ज्या शब्दांसाठी हे सारे उभे राहिले त्या शब्दांचे? हवाई बेटांतील हीलो या गावी दरवर्षी ईस्टरच्या रविवारपासून आठवडाभर चालणारा ‘मेरी मोनार्क’ महोत्सव या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. त्याचा पूर्वेतिहास, स्वरूप आणि त्यातून उद्भवणारे प्रश्न यांचा संक्षिप्त विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम हूलाचे स्वरूप लक्षात घ्यावयास हवे. हूलाचा आधार ‘मेले’ म्हणजे पठनीय वा गेय काव्य हा होय. मेलेवाचून हूला संभवत नाही. उलटपक्षी, नृत्यावाचून केवळ पठन होऊ शकते व त्यास ‘ओली’ म्हणतात. पाय ताल धरतात, हात शब्दांचा अर्थ दाखवितात. साथीस दोन भोपळे जोडून केलेले ‘इपू हेके’ अथवा शार्कच्या कातड्याने मढविलेला ‘पाहू’ हा ढोल असतो. या काव्यात ‘काओना’ म्हणजे गूढार्थ यास मोठे महत्त्व आहे. पाऊस, वारा, फूल यांच्या उल्लेखामागे एखादी व्यक्ती, प्रेमप्रसंग वा राजवंश सूचित असतो. ठिकठिकाणच्या पावसासही निरनिराळी नावे आहेत. हीलोच्या पावसाचे नाव ‘कानीलेहुआ’. भाषा न जाणणाऱ्या नर्तकास हाताने पाऊस दाखविता येईल. परंतु तो कोणता पाऊस आणि त्याचा उल्लेख येथे का आला, हे त्यास कळणार नाही.

ही कला लुप्तप्राय का झाली, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात आहे. १८२० साली अमेरिकन ख्रिस्ती मिशनरी बेटांवर आले. त्यांच्या प्रभावाखाली आलेल्या काआहूमानू राणीने १८३० मध्ये सार्वजनिक हूलावर बंदी घातली. १८५० नंतरच्या दशकात जाहीर प्रयोगांस परवाना व शुल्क लागू झाले. तथापि दूरच्या खेड्यांतून शिक्षण चालूच राहिले. येथे एक विरोधाभास नमूद केला पाहिजे : ज्या मिशनऱ्यांनी नृत्यास विरोध केला, त्यांनीच या भाषेस लिपी व मुद्रण दिले. १८३४ पासून १९४८ पर्यंत निघत राहिलेल्या हवाईयन वृत्तपत्रांतून असंख्य मेले छापली गेली व त्यामुळेच वाचली.

१८७४ साली गादीवर आलेल्या डेव्हिड कालाकाउआ राजाने हूलास पुन्हा राजाश्रय दिला. हा राजा १८८१ च्या जगप्रवासात कलकत्ता व मुंबई येथेही येऊन गेला होता. १८८३ च्या राज्याभिषेकसमारंभात आणि १८८६ च्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या उत्सवात त्याने हूलाचे जाहीर प्रयोग करविले. राज्याभिषेकाच्या वेळच्या हूलाची कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, यावरून विरोधकांच्या रोषाची कल्पना येते. ‘मेरी मोनार्क’ म्हणजे ‘आनंदी राजा’ हे याच राजाचे टोपणनाव होय.

१८९१ मध्ये राजा निवर्तला. १८९३ मध्ये राजसत्ता उलथून टाकण्यात आली, १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. नव्या पिढ्या मातृभाषेस मुकल्या. त्याच काळात पर्यटनव्यवसाय वाढला व प्रवाशांच्या रंजनार्थ इंग्रजी गीतांवर बेतलेला हूला लोकप्रिय झाला. हालचाली टिकल्या, पण त्यांचा शब्दांशी असलेला संबंध क्षीण झाला. सर्वत्र दिसणारी कलाही आतून रिकामी होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

महोत्सवाचा उगम मात्र सांस्कृतिक चिंतेपेक्षा आर्थिक निकडीत आहे. २३ मे १९६० रोजी चिलीतील भूकंपामुळे उठलेल्या सागरी लाटांनी हीलोत ६१ बळी घेतले व गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. प्रवासी यावेत व गाव सावरावे, या हेतूने १९६४ साली पहिला महोत्सव भरला. जॉर्ज नाओपे हे हूलागुरू त्याच्या संस्थापकांपैकी होते. परंतु कार्यक्रमांत कालाकाउआसारखी दाढी राखणाऱ्यांची स्पर्धाही होती! १९६८ मध्ये महोत्सव बंद पडण्याच्या बेतात असता डॉरथी थॉम्पसन यांनी तो हाती घेतला आणि त्यास परंपरेकडे वळविले. १९७१ मध्ये स्त्रियांची हूलास्पर्धा सुरू झाली. १९७६ मध्ये पुरुषांचे संघ आले.

स्पर्धेची रचना अभ्यसनीय आहे. ती तीन रात्री चालते. गुरुवारी एकेकट्या तरुणी ‘मिस अलोहा हूला’ या किताबासाठी उतरतात व त्यांस नृत्याबरोबर ओलीही म्हणावी लागते. शुक्रवारी संघांचा ‘काहिको’ म्हणजे प्राचीन पद्धतीचा हूला होतो. शनिवारी ‘आउआना’ हा गिटार, उकुलेले आदी तंतुवाद्यांच्या साथीचा अर्वाचीन प्रकार सादर होतो. ‘कुमू हूला’ म्हणजे गुरू. कुमू या शब्दाचा अर्थ मूळ, उगम असाही आहे. गुरूस आपल्या संघाने निवडलेल्या मेलेची संहिता, तिचे भाषांतर व अर्थविवरण परीक्षकांस आधी लेखी सादर करावे लागते. आमच्या मते जतनाचे मर्म या नियमात आहे. गुरूस जुनी हस्तलिखिते व वृत्तपत्रे धुंडाळावी लागतात, वृद्धांस विचारावे लागते आणि शिष्यांस शब्द समजावून द्यावे लागतात.

या घडामोडीस त्या काळच्या व्यापक जागृतीची जोड होती. १९७८ मध्ये हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा ठरली, १९८४ मध्ये त्या माध्यमाची पहिली बालशाळा निघाली आणि १९९७ मध्ये हीलो येथील विद्यापीठात हवाईयन भाषेचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले. भाषेच्या पुनरुज्जीवनाचे सारे श्रेय महोत्सवास देणे चुकीचे ठरेल. तथापि भाषा शिकण्याचे एक प्रत्यक्ष प्रयोजन त्याने तरुणांपुढे ठेवले, हे निर्विवाद होय.

आक्षेपांकडेही दुर्लक्ष करता येत नाही. गुणांकन, वेळेची मर्यादा व दूरचित्रवाणीचे चित्रण यांमुळे नेत्रसुखद, एकसारख्या हालचालींस अवाजवी महत्त्व येते. ज्या मेलेस दीर्घ, संथ पठन हवे ते मागे पडते. ज्या क्रीडागारात स्पर्धा होते त्यास विख्यात हूलागुरू ईडिथ कानाकाओले (१९१३–१९७९) यांचे नाव आहे. परंतु त्यांच्याच घराण्याची ‘हालाऊ ओ केकुही’ ही नृत्यशाळा स्पर्धेत उतरत नाही. बुधवारच्या विनास्पर्धा, विनामूल्य कार्यक्रमात ती आपली कला सादर करते. एकाच महोत्सवात या दोन्ही भूमिकांस स्थान आहे, ही गोष्ट त्याच्या हिताचीच मानली पाहिजे.

दुसरा प्रश्न निसर्गाचा आहे. नर्तकांच्या माळा वनातून येतात व ‘लाका’ ही हूलाची देवता वनाचीच देवता आहे. अलीकडे ‘ओहिआ’ वृक्षांवर बुरशीजन्य घातक रोग पसरल्याने त्याची ‘लेहुआ’ फुले वापरू नयेत, असे आवाहन नर्तकांस करण्यात आले. काव्यातील फूल वनातूनच नाहीसे झाले, तर हातांनी दाखवावयाचे तरी काय?

सारांश, हीलोच्या महोत्सवाने हूला जसाच्या तसा राखला, असे म्हणता येणार नाही. स्पर्धा, परीक्षक, क्रीडागार ही सारी अर्वाचीन साधने आहेत. परंतु त्या साधनांच्या द्वारा त्याने नर्तकास पुन्हा शब्दापाशी आणले. प्रयोगकलांच्या अभ्यासकाने यावरून एवढे ध्यानी घ्यावे की, बाह्य रूपात पालट झाला तरी परंपरा तग धरते. अर्थाशी असलेले नाते तुटल्यावर मात्र अबाधित रूपही तिला तारू शकत नाही.