मॅकवर विंडोज चालवताय? मग अँटीव्हायरस विकत घ्यायचा की नाही?

‘मॅकला व्हायरस लागत नाही.’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलंच असेल. लॅपटॉप घेताना दुकानदाराने सांगितलं असेल, नाहीतर एखाद्या मित्राने. हे वाक्य पूर्ण खरं कधीच नव्हतं. आणि त्याच मॅकवर तुम्ही विंडोज टाकलं, की ते साफ चुकीचं ठरतं.

मॅकवर विंडोज टाकायची वेळ बऱ्याच जणांवर येते. टॅली मॅकसाठी मिळत नाही, त्यामुळे अकाउंटंट मंडळींना विंडोज लागतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना सॉलिडवर्क्स हवं असतं, आर्किटेक्टना रेव्हिट, डेटाचं काम करणाऱ्यांना पॉवर बीआय डेस्कटॉप. ही सगळी सॉफ्टवेअर्स विंडोजसाठीच बनलेली आहेत. मग मॅकमध्ये विंडोज बसवलं जातं आणि पाठोपाठ प्रश्न येतो, याला अँटीव्हायरस कुठला टाकायचा?

थोडक्यात उत्तर असं, की बहुतेकांना वेगळा अँटीव्हायरस विकत घ्यायची गरज नाही. पण तुमचं विंडोज मॅकवर कशा पद्धतीने चालतंय आणि मॅकच्या कोणत्या फाइल्स त्याच्या हातात आहेत, हे आधी बघायला हवं. ते न बघता महागातला महाग अँटीव्हायरस घेतला तरी एक मोठा दरवाजा उघडाच राहतो.

मॅकचं संरक्षण विंडोजला का मिळत नाही?

मॅकमध्ये अॅपलची स्वतःची सुरक्षा असते. अनोळखी अॅप उघडताना अडवणारं गेटकीपर आणि मॅकवरचे घातक प्रोग्राम ओळखणारं एक्सप्रोटेक्ट. पण ही दोन्ही मॅकओएससाठी आहेत. विंडोजच्या आत काय चाललंय, ते त्यांना दिसत नाही.

पॅरलल्स डेस्कटॉप, व्हीएमवेअर फ्यूजन किंवा यूटीएम यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज चालवलं, तर मॅकच्या दृष्टीने तुमचं अख्खं विंडोज म्हणजे डिस्कवरची एक भलीमोठी फाइल असते. त्या फाइलच्या पोटात एखादा व्हायरस दहा फोल्डर पोखरत असला, तरी मॅकला त्याचा पत्ता नसतो. म्हणून मॅकसाठी घेतलेला अँटीव्हायरसही इथे कामाला येत नाही. विंडोजचं संरक्षण विंडोजच्या आतच लागतं.

तुमचा मॅक कुठला, त्यावर बरंच ठरतं

मॅकवर विंडोज चालवायचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला बूट कॅम्प. अॅपलने तो २००६ मध्ये आणला. यात डिस्कचा एक भाग विंडोजला दिला जातो आणि लॅपटॉप सुरू करताना मॅक की विंडोज, हे निवडायचं असतं. विंडोज चालू असताना तुमचा लॅपटॉप इतर कुठल्याही विंडोज लॅपटॉपसारखाच असतो. पण बूट कॅम्प फक्त इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर चालतो.

दुसरा मार्ग पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले, आणि तेव्हापासूनच्या अॅपल चिपच्या मॅकवर बूट कॅम्प मिळतच नाही. तिथे विंडोज ११ची एआरएम आवृत्ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॅरलल्सवर ती चालवायला अधिकृत मान्यताही दिली.

बूट कॅम्पवाल्यांची अडचण वेगळी आहे

बूट कॅम्प अधिकृतपणे विंडोज १० पर्यंतच जातो. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते आणि इंटेल मॅकमध्ये ती नाही. इकडे विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, अँटीव्हायरस आहे ना, मग अपडेट नसले म्हणून काय बिघडलं? विंडोज १०वरच्या डिफेंडरला नवे व्हायरस ओळखण्यासाठीची माहिती मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणारच आहे. पण अँटीव्हायरस हा दारावरचा वॉचमन आहे. भिंतीलाच भगदाड असेल तर ते बुजवायचं काम अपडेटचं.

मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवा. या रॅन्समवेअरने दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर लॉक केले. ज्या त्रुटीतून ते शिरलं, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधीच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते अडकले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आलं आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

त्यामुळे अपडेट न मिळणारं विंडोज १० वापरावंच लागत असेल, तर ते टॅलीपुरतं किंवा त्या एका सॉफ्टवेअरपुरतंच वापरा. इंटरनेट बंद ठेवता आलं तर उत्तम. ईमेल, बँक, ब्राउझिंग मॅकच्या बाजूलाच करा.

पॅरलल्स वापरताय? मग शेअरिंग तपासा

तो उघडा दरवाजा इथे आहे. सोयीसाठी पॅरलल्स मॅकमधले फोल्डर विंडोजलाही दाखवतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स दोन्हीकडे सारखेच दिसतात. फाइल इकडून तिकडे न्यायची कटकट नाही. मस्त वाटतं.

पण समजा, विंडोजमध्ये ‘इनव्हॉइस’ नावाची एखादी ईएक्सई फाइल उघडली आणि ती रॅन्समवेअर निघाली. ती विंडोजला ज्या ज्या फाइल्स बदलता येतात, त्या सगळ्या लॉक करत सुटते. त्यात हे शेअर केलेले फोल्डरही आले. म्हणजे व्हायरस विंडोजचा, पण लॉक झाले मॅकमधले फोटो, पीडीएफ आणि क्लायंटची कागदपत्रं. तो व्हायरस मॅकओएसवर चालू शकत नाही, हे खरं. पण मॅकमधल्या फाइल्स खराब करायला त्याला तशी गरजच नसते.

स्नॅपशॉट घेऊन विंडोज जुन्या स्थितीत नेता येतं, पण मॅकमधल्या फाइल्स त्याने परत येत नाहीत. त्यासाठी टाइम मशीनचा बॅकअप हवा, आणि तोही अशा डिस्कवर जी काम झाल्यावर काढून ठेवलेली असते.

उपाय फुकट आहे. पॅरलल्समध्ये विंडोज मशीनच्या ‘कॉन्फिगर’मध्ये जा, तिथे ‘ऑप्शन्स’ आणि मग ‘शेअरिंग’. होम फोल्डरचं शेअरिंग बंद करा आणि देवाणघेवाणीसाठी एकच वेगळा फोल्डर द्या. शेअरिंगची गरजच नसेल, तर ‘सिक्युरिटी’मध्ये विंडोजला मॅकपासून पूर्ण वेगळं करायचा पर्याय आहे.

मग अँटीव्हायरस कुठला?

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासूनच असतो आणि फुकट असतो. एकेकाळी त्याला कुणी विचारत नव्हतं. आज जर्मनीच्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत तो नामांकित विकतच्या अँटीव्हायरसच्या बरोबरीने गुण मिळवतो. एकटा माणूस, स्वतःचा लॅपटॉप आणि ठरावीक कामं, एवढ्यासाठी तो पुरेसा आहे.

ऑफिसचा नियम असेल किंवा अनेक कॉम्प्युटर एकाच ठिकाणाहून सांभाळायचे असतील, तर विकत घेण्यात अर्थ आहे. तेव्हा तीन गोष्टी बघा.

- अॅपल चिपचा मॅक असेल, तर ‘विंडोज ऑन एआरएम’वर चालतो का, हे कंपनीच्या साइटवर आधी तपासा. एआरएम विंडोजवर साधी सॉफ्टवेअर्स अनुवादित होऊन चालतात, पण अँटीव्हायरसला सिस्टीमच्या मुळाशी जाणारे ड्रायव्हर लागतात आणि ते एआरएमसाठीच बनलेले असावे लागतात. घरातल्या जुन्या पीसीसाठी घेतलेला क्विक हील असो की दुसरा कुठला, तपासल्याशिवाय पैसे भरू नका.
- विंडोजमध्ये दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका. दुसरा आला की डिफेंडर बहुतेकदा आपणहून बाजूला होतो, पण दोन विकतचे एकमेकांशी भांडतात.
- व्हर्च्युअल मशीनला तुम्ही ४ किंवा ८ जीबीच रॅम दिली असेल, तर जड पॅकेज घेऊ नका. व्हीपीएन, क्लीनर, बूस्टर असल्या जोडण्यांचे पैसे देऊ नका.

‘आधी डिफेंडर बंद करा’

टेलिग्राम किंवा यूट्यूबवरून क्रॅक विंडोज, क्रॅक टॅली घेणाऱ्यांना हे वाक्य चांगलंच माहीत असेल. अॅक्टिव्हेटर चालवण्याआधी तो अँटीव्हायरस बंद करायला सांगतो. वॉचमनला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला घरात घ्यायचा हा प्रकार आहे. तो माणूस आत आल्यावर कुठलाही अँटीव्हायरस घेतलात, तरी उशीर झालेला असतो.

तेव्हा खर्च करण्याआधी आज अर्धा तास काढा. विंडोज अपडेट टाका, डिफेंडर चालू आहे का बघा, शेअर केलेले फोल्डर कमी करा आणि बॅकअप घ्या. एवढं केल्यावरही अँटीव्हायरस विकत घ्यावासा वाटला, तर जरूर घ्या.